परमुलखातील बोलण्याचे मोल



या व्यासपीठावर संतवाङ्मयावर, इतिहासावर, शेतीवर व्याख्याने होतात. त्या पंगतीत परदेशातील मोबाईल फोनच्या खर्चावर बोलण्यासाठी एका कामगार कार्यकर्त्याला उभे करणे म्हणजे चालकांनी मोठेच धाडस केले आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि गेटसभेत पुष्कळ झाले. त्यामुळे भाषा सैल वाटली तर सांभाळून घ्यावी.

आता कोणी म्हणेल, चिखलदऱ्याला हा विषय कशाला? ज्या मेळघाटात अजूनही कित्येक गावांतून फोनची रेंज मिळवायला टेकडीवर चढावे लागते, तेथे दुबईच्या फोनच्या गोष्टी म्हणजे उपाशी माणसाला बासुंदीची कृती सांगण्यासारखे झाले. आपल्या हरिसालला २०१६ साली डिजिटल गाव म्हणून नावाजले, परंतु हरिसालच्या पुढच्या दरीत उतरावे तर फोनवरच्या रेघा एकेक करून गळून पडतात. हे सारे खरे. पण घाट उतरून परतवाडा, अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, तिकडे बाळापूर, अकोला, असे फिरून या. वेल्डर, वायरमन, सुतार, ड्रायव्हर अशी हाताला कसब असलेली माणसे आखाती देशांत गेलेली आपल्याला भेटतील. २०२०च्या टाळेबंदीत अचलपूरच्या फिनले मिलची यंत्रे थांबली, तेव्हापासून तर “आखातात काही जमेल का?” हा प्रश्न माझ्याकडे अधिक वेळा येऊ लागला. दुसरे जातात ते हज आणि उमऱ्याचे यात्रेकरू. तिसरे जातात ते मुला-नातवंडांना भेटायला अमेरिकेस निघालेले आपले पेन्शनर. या तिसऱ्या मंडळींची मला फारशी काळजी नाही. मुलगा विमानतळावरच नवे सिमकार्ड हातात घेऊन उभा असतो! माझे बोलणे मुख्यतः पहिल्यांसाठी आहे, आणि थोडेसे दुसऱ्यांसाठी.

प्रथम हे पाहू की, आपला फोन परदेशात उतरतो तेव्हा घडते काय. विमानातून उतरून आपण फोन सुरू केला की, तो जवळच्या मनोऱ्याला हाक मारतो. तो मनोरा परक्या कंपनीचा. ती विचारते, तू कोणाचा? आपल्या सिमकार्डात एक ओळखक्रमांक कोरलेला असतो. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, आणि पुढचे कंपनीचे. भारताच्या सिमवर ४०४ किंवा ४०५ असे आकडे आढळतात. त्यावरून ती परकी कंपनी आपल्या कंपनीकडे चौकशी करते की, हा इसम तुमचाच ना, आणि याच्या खर्चाचा भार तुम्ही उचलाल ना? होकार आला की दार उघडते. यालाच रोमिंग म्हणतात. पुढे आपण जे बोलतो, जे पाहतो, त्याचा हिशेब परकी कंपनी आपल्या कंपनीला पाठवते, आपली कंपनी त्यावर आपला हात राखते, आणि बिल आपल्याकडे येते.

वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपला कापूस शेतातून निघून जिनात पोचेपर्यंत अडत, हमाली, तोलाई असे हात वाटेत किती लागतात, हे आपण बापजाद्यांपासून पाहत आलो. रोमिंगमध्ये दोन अडते आहेत. एक इकडचा, एक तिकडचा. फरक इतकाच की, बाजार समितीत निदान भाव पुकारला जातो. इथे दोन अडत्यांनी आपसांत काय भाव ठरवला, तो गिऱ्हाइकाच्या कानावर कधीच येत नाही.

यातली एक गोष्ट लोकांना फार चक्रावते. “फोन त्यानं लावला, मी नुसता उचलला, मंग पैसे मले कावून लागले?” याचे उत्तर सरळ आहे. अमरावतीहून घरची माणसे आपल्या भारतीय नंबरावर फोन लावतात. त्यांच्या दृष्टीने तो भारतातला फोन. आपण अबूधाबीत आहोत की अंजनगावात, हे त्यांच्या कंपनीला ठाऊक नसते. ते भारताचा दर देऊन मोकळे होतात. परंतु भारतापासून अबूधाबीपर्यंतची पुढची वाट कोणीतरी द्यावयाची असते, आणि ती आपल्या माथी पडते. आता समजा, आपण फोन उचलला नाही, आणि फोनमध्ये अशी सोय लावून ठेवलेली आहे की, न उचललेला फोन घरच्या दुसऱ्या नंबराकडे वळावा. तर तो फोन भारतातून अबूधाबीला जातो आणि तिथून परत भारतात येतो. जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही भाडे आपलेच. माणूस झोपलेला असतो आणि त्याचा फोन समुद्रापार हेलपाटे घालीत असतो! म्हणून निघण्यापूर्वी घरीच ##००२# हे आकडे दाबून हिरवी कळ दाबावी; वळवलेले सारे फोन त्याने रद्द होतात.

हा दर इतका जबर का, याविषयी थोडा इतिहास सांगतो. दोन देशांमधील निरोपाचे पैसे कसे वाटून घ्यावेत, हा प्रश्न तारेइतकाच जुना आहे. १८६५ साली पॅरिसला वीस देश एकत्र बसले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय तारसंघ स्थापला, तो मुख्यतः या हिशेबासाठी. आपल्या महाराष्ट्रातून १९२७ साली खडकी आणि दौंड येथील केंद्रांच्या मार्फत विलायतेशी बिनतारी संदेशसेवा सुरू झाली. त्या काळी शब्द वाहून नेणे ही खरोखरच खर्चाची गोष्ट होती. मनोरे, यंत्रे, रात्रपाळीची माणसे. पुढे ट्रंक कॉल आले, मग आय.एस.डी.च्या पिवळ्या पाट्या आल्या. परदेशी फोनचा मक्ता भारतात एकाच सरकारी कंपनीकडे होता, तो २००२ साली संपला, आणि त्याच साली इंटरनेटवरून बोलण्यास आपल्या सरकारने मोकळीक दिली. आणि २०१३च्या जुलैमध्ये तर तारसेवाच बंद झाली. या सगळ्या प्रवासात शब्द वाहून नेण्याचा खर्च उतरतच गेला आहे. आज समुद्राच्या तळातून जाणाऱ्या काचेच्या तंतूंतून एक मिनिटाचे बोलणे न्यावयास जो खर्च येतो, तो मोजायला पैशाचेही तुकडे करावे लागतील. तरी रोमिंगचा दर चढाच. तेव्हा हा दर वाहतुकीचा नव्हे. हा दर अडलेल्या माणसाचा आहे. घरापासून तुटलेला, भाषा न येणारा, रात्री विमानतळावर उतरलेला माणूस भाव करीत बसत नाही. मी तीस वर्षे संघटनेत काढली. अडलेल्या माणसाकडून काय काय वसूल करता येते, हे मला नव्याने शिकावे लागले नाही.

आणि असा दर खाली येतो कसा, हेही आपण आपल्याच देशात पाहिले आहे. १९९५ साली भारतात मोबाईल आला, तेव्हा आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. लोक नंबर पाहून फोन कापीत आणि पी.सी.ओ.वर जाऊन उलटा लावीत. १ मे २००३ पासून फोन करणाऱ्यानेच पैसे द्यावयाचे, अशी पद्धत आली आणि येणारा फोन फुकट झाला. पण रोमिंग देशातल्या देशातही होते. आपल्या सरहद्दीचे लोक हे विसरलेले नसतील. इथून निघून बैतुलच्या वाटेला लागले, की मध्य प्रदेशाचे सर्कल सुरू. बाजाराला गेलेल्या माणसाला घरून “मीठ आणजा” म्हणून फोन आला, तर त्या मिठाचे पैसे वेगळे आणि ते ऐकल्याचे वेगळे! दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १ मे २०१५ पासून रोमिंगमध्ये येणाऱ्या फोनची कमाल मर्यादा मिनिटाला ७५ पैशांवरून ४५ पैशांवर आणली. पाठोपाठ २०१६-१७ मध्ये कंपन्यांच्या आपसांतील चढाओढीत देशातले रोमिंग जवळजवळ नाहीसेच झाले. दोन्ही वेळा तारीख १ मे, हा योगायोग. पण कामगार माणसाला तो लक्षात राहतो.

युरोपात हेच देशांच्या सरहद्दी ओलांडून झाले. २००७ साली युरोपीय संघाने पहिल्यांदा कमाल दर बांधला, वर्षावर्षाने खाली ओढला, आणि १५ जून २०१७ पासून संघातल्या कोणत्याही देशात आपल्या घरच्याच दराने बोलावे, असे केले. हा नियम आता २०३२ पर्यंत वाढवलेला आहे. इंग्लंड त्या संघातून बाहेर पडले, आणि २०२२च्या सुमारास तिथल्या अनेक कंपन्यांनी युरोपातले रोमिंगचे पैसे पुन्हा लावायला सुरुवात केली. युनियन सोडली की काय होते, याचे इतके सोपे उदाहरण मला गेटसभेसाठी दुसरे सापडलेले नाही.

आखाती राष्ट्रांनीही २०१६ पासून आपसांतल्या रोमिंगचे दर बांधून खाली आणले. म्हणजे सौदीचा माणूस कतारला गेला तर त्याला संरक्षण आहे. भारताचा मजूर भारताचे सिम घेऊन सौदीला गेला तर त्याला नाही. कारण त्याच्या दोन टोकांना धरणारा एकच नियामक नाही. दोन्ही सरकारांनी बसून करार केल्यावाचून हा दर उतरणार नाही, आणि लाखो मजूर जिथे जातात त्या देशांशी असा करार व्हावा, ही मागणी कामगार संघटनांनी केली पाहिजे. अजून ती आमच्या ठरावांत नीटशी आलेली नाही. किमान वेतन आणि पासपोर्ट हिसकावण्याचा प्रश्न यांतच आमचे कागद भरतात.

तोवर माणसाने करावे काय? आता व्यवहाराचे सांगतो.

सर्वांत मोठा खर्च बोलण्याचा नसतो. तो आपल्याला न कळत होणाऱ्या इंटरनेटचा असतो. फोन खिशात असतो, पण तो गप्प बसलेला नसतो. फोटो वर चढवतो, नवी माहिती ओढतो, टपाल तपासतो. घरी आपण महिन्याचे पैसे भरलेले असल्याने हे लक्षातही येत नाही. परदेशात तेच रोमिंगच्या दराने मोजले जाते. म्हणून विमानात बसण्यापूर्वीच, ते उतरल्यावर नव्हे, ‘डेटा रोमिंग’ नावाची कळ बंद करावी. विमानात आणि जहाजावर फोन ‘एअरप्लेन मोड’वर ठेवावा, कारण काही जहाजांवर आणि विमानांत उपग्रहाद्वारे चालणारे स्वतंत्र नेटवर्क असते, फोन त्याला आपण होऊन चिकटतो, आणि तिथला दर जमिनीवरल्या रोमिंगहूनही भारी असतो.

आठ-पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्याने आपल्याच कंपनीचा रोमिंगचा पॅक निघण्यापूर्वी घ्यावा, हे बरे. तो घेताना तीन गोष्टी विचाराव्या. हा पॅक नेमक्या कोणत्या देशांत चालतो? तिथल्या कोणत्या कंपनीच्या मनोऱ्यावर चालतो? आणि त्यांचा ‘एक दिवस’ कधी सुरू होऊन कधी संपतो? तीन देशांतून जाणाऱ्याचा पॅक दोनच देशांत चालतो, आणि विमान बदलताना मधल्या विमानतळावर दोन तास काढले तेवढ्यात पिशवी रिकामी होते, असे घडते. नागपूरहून हजला निघणाऱ्या वयस्क यात्रेकरूंसाठी तर हे काम घरच्या तरुणाने आधीच करून द्यावे आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे.

दोन-तीन वर्षांसाठी जाणाऱ्या कामगाराचे गणित निराळे. त्याने तिथे पोचल्यावर तिथलेच सिम घ्यावे. विमानतळावरच्या दुकानात घाईचा भाव असतो. शक्य तर गावात जाऊन घ्यावे. मात्र स्वतःच्या कागदपत्रांवर, स्वतःच्याच नावे. मुकादमाच्या किंवा सोबत्याच्या नावाचे सिम वापरू नये. त्या सिमवरून काही भानगड झाली तर निस्तरताना भाषाही आपली नसते आणि कायदाही. फोन दोन सिमांचा असेल तर सोय झाली: एका खणात भारताचे सिम, फक्त संदेश येण्यापुरते, दुसऱ्या खणात तिथले, बोलण्यासाठी. नव्या फोनांत ‘ई-सिम’ असते, म्हणजे कार्ड न घालता नंबर फोनमध्ये उतरवता येतो. हप्त्यावर घेतलेला किंवा एखाद्या कंपनीने फक्त आपल्याच सिमसाठी बांधून ठेवलेला फोन असेल, तर तो परके सिम घेईलच असे नाही; तेव्हा हे घरीच तपासून जावे. आणि पुष्कळांना भीती असते की, सिम बदलले तर व्हॉट्सॲप जाईल. जात नाही. ते जुन्याच नंबरावर चालू राहते. नवा नंबर घालू का असे विचारले तर नाही म्हणावे.

व्हॉट्सॲप आले म्हणजे बोलणे फुकट झाले, असे समजून कित्येक जण जातात. सौदीने २०१७च्या सप्टेंबरात इंटरनेटवरून बोलण्यावरील बंदी उठवली. पण संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबूधाबीत, व्हॉट्सॲपवर बोलणे लागत नाही. तिथल्या सरकारने मान्य केलेली ठरावीक ॲपे आहेत, त्यांपैकी काहींसाठी तिथल्या फोन कंपनीला वेगळे पैसे भरावे लागतात. मग कोणी सांगतो की, व्ही.पी.एन. टाक, सगळे लागते. हे ऐकू नये. बंदी चुकवण्यासाठी व्ही.पी.एन. वापरणे हा तिथे गुन्हा ठरू शकतो, आणि दंड पाच लाख दिरहमांपासून सुरू होतो. तेवढे पैसे मजूर हयातभरात मिळवीत नाही. त्यापेक्षा एक साधी गोष्ट करावी: व्हॉट्सॲपवर लिहिलेले संदेश आणि आवाज मुद्रित करून पाठवलेले निरोप तिथेही चालतात. आई निरक्षर असली तरी बटण दाबून दोन मिनिटे बोलू शकते. पोरगा पाळी संपवून, खोलीवर वायफाय मिळाले की ते ऐकतो आणि आपला निरोप पाठवतो. अशा निरोपांना एक फायदा आहे, जो फोनला नाही. ते पुन्हा ऐकता येतात. दर्यापूरकडच्या एका म्हातारीला मी विचारले, पोराचा फोन येतो का? ती म्हणाली, “फोन कायले पायजे बाप्पा, त्याचं बोलणं त माह्यापाशीच हाये.” आणि तिने मला ते ऐकवले. तीन महिन्यांपूर्वीचे होते.

आता जी गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो, ती. स्वस्ताईच्या नादात भारताचे सिम मरू देऊ नये.

सहा-सात वर्षांखालची हकीकत आहे. आपल्याच जिल्ह्यातला एक वेल्डर दोन वर्षे आखातात राहिला. जाताना सिम फोनमधून काढून ट्रंकेत टाकून गेला. म्हणाला, उगीच रिचार्जचे पैसे कशाला. पगार इथल्या बँकेत पाठवीत राहिला. बहिणीच्या लग्नासाठी पैसे काढण्याची वेळ आली, तेव्हा बँकेचा सांकेतिक आकडा त्या जुन्या नंबरावर जाऊ लागला, आणि तो नंबर केव्हाच दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात गेलेला होता. पैसे बुडाले नाहीत. पण त्याने स्वतः येऊन अंगठा दिल्याखेरीज काही होईना, आणि यायला मालक रजा देईना. लग्न कर्जावर झाले. व्याज तो अजून फेडतो आहे.

याचा नियम समजून घ्यावा. ट्रायच्या २०१३च्या नियमांप्रमाणे सिम सलग नव्वद दिवस मुळीच वापरले गेले नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. परंतु प्रीपेड सिममध्ये निदान वीस रुपये शिल्लक असतील तर तेवढे कापून घेऊन नंबर राखण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. कंपन्यांच्या योजना बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या कंपनीच्या दुकानात जाऊन विचारावे: मी दोन वर्षे बाहेर आहे, हा नंबर जिवंत ठेवायला कमीत कमी किती, आणि तिकडे बँकेचा संदेश येईल ना? घरच्या माणसाने तारखा लिहून ठेवून रिचार्ज मारीत राहावे. परदेशात आलेला संदेश वाचायला सहसा पैसे पडत नाहीत. म्हणजे बोलणे आणि इंटरनेट बंद ठेवून सिम नुसते संदेशासाठी जागे ठेवता येते. २०२३ पासून आणखी एक वाट उघडली आहे: सौदी, अमिरात, कतार, ओमान धरून दहा देशांतल्या नंबरांवरून, अनिवासी भारतीयांच्या खात्यांना, यू.पी.आय. वापरण्यास परवानगी मिळाली. मात्र त्यासाठी खाते अनिवासी प्रकारचे करून घ्यावे लागते, आणि ते आपल्या बँकेत कोणी होऊन सांगत नाही. विचारावे लागते.

आणि सिम एजंटाच्या हाती देऊ नये. पासपोर्टाइतकेच हे पक्के समजावे. ज्याच्या हाती आपला नंबर, त्याच्या हाती आपले खाते.

शेवटी अडीअडचणीचे. फोन हरवतो, हिसकावला जातो, त्याची बॅटरी मरते. घरचा नंबर, बँकेचा नंबर, आणि ज्या देशात आहोत तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर, हे तिन्ही कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत. दुबईला प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथे आपल्या सरकारची माणसे कामगारांची गाऱ्हाणी ऐकतात. परराष्ट्र खात्याची ‘मदद’ नावाची तक्रार नोंदवण्याची व्यवस्था २०१५ पासून चालू आहे, तीत घरची माणसे इथूनही तक्रार लिहू शकतात. आणि मिस्ड कॉलची आपली जुनी युक्ती विसरू नये: एक वाजून कापला म्हणजे सुखरूप, दोनदा वाजून कापला म्हणजे निरोप ऐक. रोमिंगमध्ये न उचललेल्या फोनचे पैसे एरवी पडत नाहीत. फक्त ती वळवण्याची सोय बंद केलेली असली पाहिजे. गरिबाने शोधलेली ही तारयंत्रणा आहे, आणि तिच्यावर अजून कोणी कर बसवलेला नाही.

वेळ संपत आली. मागच्या टेबलापाशी मी अर्धा तास आहे. ज्यांच्या घरचे कोणी येत्या महिन्या-दोन महिन्यांत निघणार असेल, त्यांनी आपला फोन घेऊन यावे; ती डेटाची कळ कुठे असते, ते तिथेच दाखवीन.